स्वभावाच्या नावावर बिल फाडू नकोस

"सर, माझा स्वभावच तसा आहे." झालं? सुटलास? दोन विषय राहिले आणि खापर फोडलंस स्वभावाच्या डोक्यावर!

वही दाखव. पहिली चार पानं बघ: लाल शाईचे मथळे, आखीव समास, सुबक अक्षर. पाचव्या पानापासून? कोरं. भिंतीवरच्या वेळापत्रकाला तीन रंगांची स्केचपेनं लागली होती म्हणे. पाळलंस किती दिवस? आरंभशूर लेकाचा!

१४ एप्रिलला अठरा तास अभ्यासाच्या उपक्रमाला बसलास. फोटो स्टेटसला लावलास. छान. १५ एप्रिलला किती तास बसलास? बोल ना. ज्या बाबासाहेबांच्या जयंतीला बसलास, त्यांनी १९५० मध्ये याच शहरात कॉलेज काढलं. तू आज त्याला मिलिंद म्हणतोस. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. तुझं काय अडलंय? अभ्यासिकेतला पंखा आवाज करतो!

बरं, स्वभावाचंच बोलू. पोरोपाट नावाच्या संशोधकाने २००९ मध्ये आधीच्या अभ्यासांची मोट बांधली. विद्यार्थी सत्तर हजारांच्या वर. पोरगं बडबडं की अबोल, याने मार्कांत फारसा फरक पडत नव्हता. पडत होता तो नेटाने, हातातलं काम वेळेत उरकण्याने. कॉलेजात तर या गुणाचं वजन बुद्धीच्या बरोबरीचं निघालं. नुसत्या त्यावर निकाल ठरतो असं कुणी म्हणत नाही; तू लगेच तेच धरून बसशील म्हणून आधीच सांगतो. आणि हा गुण काही जन्मापासून तेवढाच राहत नाही, वयाबरोबर सहसा वाढतो. तुझं वय तेवढं वाढतंय.

मठ्ठ असतास तर घसा कोरडा केला नसता. परीक्षेआधी टपरीवर उभ्या उभ्या मागणीची लवचिकता चहाच्या दरावरून समजावत होतास. आमच्या पुस्तकात इतकं सोपं नाही. ऐकणारी पोरं पास झाली. तू? पेपरात तोच प्रश्न सोडून आलास, कारण "ते युनिट करायचं राहिलं". राहिलं, की ठेवलंस?

उद्या सकाळी सातला अभ्यासिकेत ये. मोबाइल घरी ठेवून. आणि "सर, सोमवारपासून" म्हणालास तर बघ.