दुसऱ्याच्या नावाचं औषध

एडिंबरोचा टॉमस किंकेड हा तरुण वैद्यक शिकत होता आणि वेळ मिळेल तेव्हा गोल्फ खेळत होता. १६८७ च्या जानेवारीत त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं, की तलवारबाजीला उभं राहतो तसं उभं राहायचं, पाय जरा वाकवायचे आणि पायांचे, पाठीचे, हातांचे स्नायू चांगले ताठ धरायचे. गोल्फ कसा खेळावा यावरचं हे सर्वांत जुनं लेखन समजलं जातं. त्यातला ताठपणाचा सल्ला वाचून आजचा प्रशिक्षक कपाळावर हात मारून घेईल. अंग सैल सोडा, हे सांगण्यातच त्याचा दिवस जातो. पण किंकेड कुणाला शिकवायला बसलाच नव्हता. तलवार हाताळलेल्या माणसाने स्वतःपुरती केलेली ती नोंद होती.

गोल्फ शिकवणारी बरीचशी पुस्तकं अशीच असतात, फक्त ती छापलेली असतात. लेखकाने ज्या खोडीशी वर्षानुवर्षं झुंज दिली, तिच्यावरचा उतारा त्यात असतो. वाचणाऱ्याची खोड तीच असेल तर फळ मिळतं. नसेल तर आपण दुसऱ्याच्या नावाचं औषध निष्ठेने घेत राहतो आणि गुण का येत नाही म्हणून स्वतःलाच दोष देतो.

नामवंत गोल्फपटू बेन होगनचं ‘फाइव्ह लेसन्स’ घ्या. १९५७ साली ते आधी ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’मध्ये क्रमशः आलं, मग पुस्तकरूपाने. शब्दांकन हर्बर्ट वॉरन विंडचं, चित्रं अँथनी रॅव्हिएलीची. खांद्यांवर टेकलेलं काचेचं मोठं तावदान, मधल्या भोकातून वर आलेलं खेळाडूचं डोकं आणि त्या काचेखालूनच मागे जाणारे हात, हे चित्र एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. पुस्तक सुंदर आहे, यात वाद नाही. पण होगनचा जुना शत्रू होता हुक. चेंडू उजवीकडून डावीकडे गर्रकन वळायचा. तो आवरण्यासाठी त्याने क्लबवरचा, म्हणजे गोल्फच्या काठीवरचा, डावा हात जरासा डावीकडे फिरवून धरायची सवय लावून घेतली आणि पुस्तकात तीच ग्रिप शिकवली. आता रविवारी सकाळी खेळायला येणाऱ्या हौशी मंडळींकडे पाहा. उजव्या हाताने खेळणाऱ्या बहुतेकांचा चेंडू उजवीकडे पळतो, म्हणजे स्लाइस होतो. होगनची ग्रिप जशीच्या तशी उचलली, की क्लबचं तोंड आणखी उघडं राहतं आणि चेंडू आणखी उजवीकडच्या झाडीत जातो. यात होगनचा काय दोष? त्याने आपल्या दुखण्यावरचा इलाज प्रामाणिकपणे सांगितला.

एकाचा इलाज दुसऱ्याला चालत नाही, हे सगळ्यांत चांगलं कुणाला कळलं असेल तर हार्वी पेनिकला. टेक्सासातल्या ऑस्टिन कंट्री क्लबवर तो लहानपणी खेळाडूंच्या बॅगा वाहणारा कॅडी म्हणून आला आणि पुढे तिथलाच प्रशिक्षक झाला. शिकवता शिकवता जे दिसलं ते तो एका लाल वहीत टिपत गेला. ही वही तो कुणाला दाखवत नसे. मुलाला द्यायची, एवढाच बेत होता. शेवटी बड श्रेक या लेखकाच्या मदतीने ती १९९२ मध्ये ‘लिटल रेड बुक’ नावाने निघाली, तेव्हा पेनिक ऐंशीच्या पुढे गेला होता. प्रकाशक ९०,००० डॉलर देणार असं कळल्यावर, एवढे पैसे आपण कुठून भरणार, या काळजीत तो पडला होता म्हणतात. पैसे आपल्यालाच मिळणार आहेत, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. अशा माणसाचा सल्ला मी तरी आधी वाचेन.

बेन क्रेनशॉ आणि टॉम काइट हे दोघं याच पेनिकच्या हाताखाली वाढले. एकाची शिकवणी चालू असताना तो दुसऱ्याला पाहू देत नसे. क्रेनशॉला सांगितलेलं काइटने उचललं तर त्याचा खेळ बिघडेल, ही त्याला भीती. काइटने १९९२ मध्ये यूएस ओपन जिंकली, क्रेनशॉने मास्टर्स दोनदा. त्यातली दुसरी १९९५ ची. गुरूच्या शवपेटीला खांदा देऊन आल्यावर चारच दिवसांनी जिंकलेली. एकाच गुरूचे, एकाच क्लबवरचे हे दोन शिष्य. त्यांनाही एकच पाठ चालत नव्हता, तर हजारो अनोळखी वाचकांना एकच पुस्तक सरसकट कसं चालेल?

म्हणून दुकानात जाण्याआधी आपलं दुखणं ओळखायला हवं. आठवणीवर विसंबून ते होत नाही. माणसाला भोकापासून दोन फुटांवर हुकलेला पट आठवतो, पण त्याच होलवर ड्रायव्हरने झाडीत घातलेला चेंडू आठवत नाही. काही राउंडमध्ये प्रत्येक फटका कुठून मारला आणि कुठे गेला, हे स्कोअरकार्डाच्या मागे लिहा. खेळाच्या कोणत्या भागावर भर द्यावा, याबाबत जाणकारांचंही एकमत नाही. नासातली नोकरी सोडून गोल्फकडे वळलेल्या डेव्ह पेल्झने १९९९ च्या ‘शॉर्ट गेम बायबल’मध्ये शंभर यार्डांच्या आतल्या खेळावर सगळा भर दिला. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी २०१४ च्या ‘एव्हरी शॉट काउंट्स’मध्ये व्यावसायिकांच्या फटक्यांची आकडेवारी तपासली आणि चांगला व साधारण खेळाडू यांच्यातला जवळजवळ दोनतृतीयांश फरक शंभर यार्डांच्या बाहेर पडतो, असं दाखवलं. तुमच्यासाठी दोघांपैकी कोण बरोबर, ते तुमच्या कार्डाची मागची बाजू सांगेल.

वयाचाही विचार करावा. विशीतल्या खेळाडूच्या कंबरेचा पीळ पन्नाशीच्या माणसाने छायाचित्र पाहून आणायला जाऊ नये. त्यापेक्षा अर्नेस्ट जोन्स वाचावा. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला, तरी तो पुन्हा उत्तम खेळू लागला. शरीराच्या कोणत्या भागाने काय करावं याची यादी त्याने बाजूला ठेवली. रुमालाच्या टोकाला चाकू बांधून तो झुलवायचा आणि क्लबचं डोकं असं झुलवा म्हणायचा. १९३७ च्या ‘स्विंगिंग इन्टू गोल्फ’ची सारी भिस्त या झुलण्यावरच आहे.

आणि एका वेळी एकच पुस्तक. स्विंग जेमतेम दीड सेकंदाचा असतो. तेवढ्यात चार लेखकांचं ऐकता येत नाही. अ‍ॅस्पिरिन घ्यायला सांगितली तर अख्खी बाटली घेऊ नका, अशा अर्थाची ताकीद पेनिकने वाचकांना दिली आहे. टिमथी गॉलवेने तर सूचनांची गर्दी कशी थांबवावी यावरच ‘इनर गेम ऑफ गोल्फ’ लिहिलं. पुस्तकाविना काहीच अडत नाही, हेही खरं. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेरने १९९१ ची इंडियन ओपन जिंकली. भारतीय व्यावसायिकांमध्ये पहिल्यांदा. दुसऱ्याची बॅग वाहताना रोज शंभर फटके जवळून पाहायला मिळतात. आपल्याला ती सोय नाही, म्हणून वाचावं लागतं.

पुस्तक चाळताना एक गोष्ट मुद्दाम शोधा: हा सल्ला कुणी पाळू नये, हे लेखकाने कुठे सांगितलं आहे का? ज्याने पुष्कळ माणसांना शिकवलं आहे, त्याला ते सांगावंच लागतं. जो फक्त स्वतः मोठा खेळला, त्याच्या ते बहुधा ध्यानातही येत नाही.

एकच पुस्तक घ्यायचं असेल तर पेनिक घ्या. होगनही घ्या, चित्रांसाठी तरी. पण चेंडू उजवीकडे पळतो आहे तोवर त्याचं ग्रिपचं प्रकरण उघडू नका.