वाटा न मागणारा निरोप्या

नाताळ येतो तेव्हा चकलांब्याच्या परिसरातल्या कितीतरी घरांना कुलूप असतं. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्याचा हा भाग ऊसतोडीच्या पट्ट्यातला. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडांवर जाऊन पडतात. गावात म्हातारी माणसं उरतात. 25 डिसेंबरला हंगाम ऐन भरात असतो. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवायच्या. गाडी मध्यरात्री आली तरी उठून भरून द्यायची. मुक्काम कोपीत, खाली पाचट, वर ताडपत्री, बाहेर थंडी.

लूकच्या शुभवर्तमानात ख्रिस्तजन्माची पहिली बातमी ज्यांना मिळते, ती माणसं याच जातकुळीची आहेत. ती घरी नाहीत, रात्रपाळीला रानात आहेत, दुसऱ्यांच्या झोपेच्या वेळी जागी आहेत. देवदूत येतो तो बेथलेहेमच्या मेंढपाळांकडे. यरुशलेमेचं मंदिर तिथून जवळ होतं, हेरोदाचा वाडा होता, शास्त्री-पंडित होते. त्यांच्यापैकी कुणाच्याही मार्फत हा निरोप आला नाही. ख्रिस्ती श्रद्धेत देवदूताचं स्थान काय, या प्रश्नाचं उत्तर मला या प्रसंगात मिळतं, आणि ते उत्तर मराठवाड्याच्या मातीत जास्त स्वच्छ दिसतं असं मला वाटतं.

कारण मध्यस्थ म्हणजे काय हे या भागाला कुणी शिकवायला नको. कारखाना आणि मजूर यांच्यामध्ये मुकादम असतो. कारखान्याची उचल त्याच्या हातून येते, हिशेब त्याच्या वहीत असतो, मजुरीवर त्याचं कमिशन असतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि पैशाचा व्यवहार बहुतेक वेळा पुरुषाशी होतो. मुकादमही पुष्कळदा याच गावांतला, स्वतः देण्यात अडकलेला, आणि टोळी पळाली तर बुडणारा. दोष एका माणसाचा नाही, रचनेचा आहे. पण त्या रचनेनं एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या मनावर ठसवली आहे: वरून खाली येणारी प्रत्येक गोष्ट मधल्या हातातून येते आणि मधला हात आपलं काढून घेतो. सरकारी योजना असो, कर्ज असो वा न्याय असो, अनुभव हाच. मग देवाकडून येणाऱ्या गोष्टीबद्दल माणूस वेगळं काय मानणार?

पवित्र शास्त्रातला देवदूत या अनुभवाला छेद देतो. तो मधला आहे, पण त्याला वाटा नको आहे.

शास्त्यांच्या पुस्तकात मानोह आणि त्याच्या पत्नीची गोष्ट आहे. मूल नसलेलं जोडपं. मुलगा होणार ही वार्ता घेऊन देवदूत येतो, आधी पत्नीकडे, तीही ती एकटी असताना. मानोह कृतज्ञतेनं म्हणतो, थांबा, करडू रांधतो. देवदूत जेवण नाकारतो आणि सांगतो की अर्पण करायचं असेल तर परमेश्वराला कर. मानोह नाव विचारतो, म्हणजे पुढे त्याचा मान करता येईल. तो नावही सांगत नाही. ना पाहुणचार, ना नाव, ना ऋण. निरोप दिला आणि गेला. तो मुलगा म्हणजे शमशोन.

प्रेषितांच्या कृत्यांत हीच रीत पुढे चालते. तुरुंगात बेड्यांनी जखडलेल्या पेत्राला देवदूत उठवतो, पायतण घालायला लावतो, दरवाजाबाहेर काढतो, एक गल्ली सोबत चालतो आणि निघून जातो. पुढची वाट पेत्रानं स्वतः काढायची. रोमी शतपती कर्नेल्य याच्याकडे देवदूत येतो, पण सुवार्ता सांगत नाही. यापोला माणसं पाठव आणि पेत्राला बोलावून घे, इतकंच म्हणतो. जे काम माणसाच्या वाट्याचं आहे ते तो माणसासाठी राखून ठेवतो. बेथलेहेमातही तेच. देवदूत निघून गेल्यावर मेंढपाळ आपापसात बोलतात, जाऊन बाळ पाहतात आणि ऐकलेलं लोकांना सांगतात. ज्यांची साक्ष कुणी विचारली नसती, ती माणसं आता वार्ता सांगणारी झाली. निरोप्यानं आपलं काम श्रोत्याच्या हाती दिलं.

आता उपासनेकडे पाहू. यशया संदेष्ट्याला मंदिरात दर्शन होतं, तेव्हा सेराफीम देवाची पवित्रता एकमेकांना गाऊन सांगत असतात. त्यांना प्रत्येकी सहा पंख. दोन पंखांनी त्यांनी तोंड झाकलं आहे, दोन पंखांनी पाय, आणि उडायला उरले दोन. सहांपैकी चार पंख स्वतःला झाकण्यासाठी! नाताळच्या नाटकात आपण मुलांना पांढरा झगा आणि चंदेरी कागदाचे पंख लावतो ते दिसावेत म्हणून. यशयाच्या दर्शनातले पंख मुख्यतः न दिसण्यासाठी आहेत.

त्या गाण्यातूनच ख्रिस्ती उपासनेतलं ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ आलं. मिस्साबलिदानात आणि अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या प्रभुभोजनविधीत, भाकर आणि द्राक्षारसावरच्या मुख्य प्रार्थनेआधी मंडळी देवदूतांच्या सुरात सूर मिळवून ते म्हणते. या क्षणाचा अर्थ फार मोठा आहे. पत्र्याच्या छपराखाली दहा-बारा माणसं जमलेली असोत, पेटी नसो, पाळक महिन्यातून एकदा येत असो. ती मंडळी तेव्हा एकटी नसते, एका अखंड चाललेल्या स्तवनात ती सामील होत असते. इथे देवदूत आपल्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून उभे आहेत. उपासनेत ते आपले सोबती आहेत.

देवदूत सोबतीच राहावेत, ही मर्यादा टिकवण्यासाठी मंडळीला सतत झगडावं लागलं. कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात देवदूतांच्या पूजेविरुद्ध इशारा आहे. 745 मध्ये रोममध्ये पोप झकारिया यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या सभेनं प्रार्थनांतून घुसलेली देवदूतांची मनची नावं नाकारली. 787 मध्ये निकियाच्या दुसऱ्या परिषदेनं पवित्र प्रतिमांना, त्यांत देवदूतांच्या प्रतिमाही आल्या, आदर देणं आणि देवाची उपासना करणं यांत स्पष्ट भेद केला. कॅथलिक परंपरा मीखाएल, गब्रीएल आणि राफाएल यांचा सण 29 सप्टेंबरला पाळते, राखणदार दूतांचा 2 ऑक्टोबरला. मुंबईत माहीमला, गोव्यात हणजुणे आणि ताळगावला मीखाएलच्या नावाची चर्च आहेत. प्रॉटेस्टंट मंडळ्या देवदूतांना प्रार्थना करत नाहीत. हा मतभेद खरा आहे आणि तो पुसून टाकण्यात अर्थ नाही. पण दोन्हीकडच्या अधिकृत शिकवणीत एक गोष्ट समान आहे: आराधना फक्त देवाची. प्रकटीकरणाच्या पुस्तकात योहान देवदूताच्या पाया पडतो, तेव्हा देवदूत त्याला थांबवतो, मीही तुझ्यासारखाच सेवक आहे असं सांगतो आणि देवाला नमन कर म्हणतो. शेवटचा शब्द देवदूतांनीच देऊन ठेवला आहे.

ज्याला वाटा हवासा झाला त्याचं काय होतं, तेही ख्रिस्ती परंपरा सांगते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आले आणि त्यांचं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापलं गेलं. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या नवख्रिस्ती लोकांना आपल्या भाषेत काही ऐकायला हवं, या गरजेतून तो ग्रंथ झाला. सृष्टीच्या आरंभाची कथा सांगताना गर्वानं बंड करून पतन पावलेल्या दूतांची कथाही त्यात येते. सेवकाला धनी व्हावंसं वाटलं, हाच तो गर्व. देवदूत आणि सैतान यांच्यात फरक सामर्थ्याचा नाही. परंपरेनुसार दोघेही एकाच घडणीचे. फरक एवढाच की एकानं निरोप पोचवला आणि दुसऱ्यानं स्वतःलाच निरोप केलं.

मराठवाड्याच्या ख्रिस्ती इतिहासातही देवदूतांची एक खूण आहे. 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या राज्यात काम करू लागले आणि जालन्याजवळ त्यांनी ख्रिस्ती झालेल्या लोकांसाठी वस्ती वसवली. तिचं नाव बेथेल. तिथे आलेल्यांमध्ये तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातींतली माणसं होती. मूळ बेथेल म्हणजे याकोबाच्या स्वप्नाची जागा. भावाच्या रागाला भिऊन घरातून पळालेला तो तरुण उघड्यावर, दगड उशाला घेऊन झोपला होता. त्याला पृथ्वीवरून स्वर्गापर्यंत शिडी दिसली आणि तिच्यावर चढणारे-उतरणारे देवदूत. त्या कथेत देवदूत एक अक्षरही बोलत नाहीत. बोलतो तो स्वतः देव, आणि बोलतो बेघर माणसाशी: मी तुझ्याबरोबर आहे, जिथे जाशील तिथे. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांच्या वस्तीला याहून योग्य नाव मिळणं अवघड होतं.

म्हणून आज देवदूतांबद्दल बोलायचं तर दोन प्रकारांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. एक, देवदूताला नशीब उघडणारा ताईत करणं: त्यांचे अंक, त्यांची कार्डं, त्यांच्या नावानं विकलं जाणारं भविष्य. दुसरा प्रकार आपल्या मंडळ्यांच्या जवळचा आहे आणि जास्त घातक आहे. चंगाई सभेच्या फलकावर ख्रिस्ताहून मोठा फोटो प्रचारकाचा असतो, प्रार्थनेच्या बदल्यात पाकीट अपेक्षित असतं, आणि आजारी बाईनं अंगावरचा शेवटचा दागिना मोडून दान द्यावं असं सुचवलं जातं. हे देवाच्या नावानं कमिशन घेणं आहे. मुकादमीनं पिचलेल्या माणसाला मंदिरात पुन्हा मुकादमच भेटणार असेल, तर त्याला सुवार्ता मिळालीच नाही.

पाळकानं, फादरनं, सिस्टरनं, मंडळीच्या पंचानं स्वतःला तपासायला मानोहाचा पाहुणा पुरेसा आहे. मी आल्यावर लोकांचं भय कमी झालं की वाढलं? ते देवाकडे वळले की माझ्याकडे? मी गेल्यावर त्यांना स्वतःच्या पायांनी चालता येतं का?

आणि एक काम लगेच करण्याजोगं आहे. बीड जिल्ह्यातल्या टोळ्या ज्या कारखान्यांवर जातात, त्यांच्या आसपास चर्च आहेत. या डिसेंबरात त्या मंडळ्यांनी कोप्यांवर जावं. धर्म विचारू नये, नावं लिहून घेऊ नयेत, फोटो काढू नयेत. ब्लँकेट, औषधं, मुलांसाठी शिकवणीची सोय, बायकांसाठी आडोसा, जे जमेल ते घेऊन जावं. परक्याचं आतिथ्य करताना काहींनी नकळत देवदूतांचं आतिथ्य केलं, असं इब्री लोकांस लिहिलेलं पत्र सांगतं. नाताळची पहिली बातमी रानात राबणाऱ्यांना मिळाली होती. ती त्यांच्यापर्यंत पुन्हा पोचवणं हे आपल्याकडे आलेलं काम आहे, आणि त्यात आपला वाटा शून्य आहे हे ध्यानात ठेवूनच ते करावं.