गरज सरली तरी

आमच्या शाळेत गरजू मुलांच्या गणवेशासाठी एक छोटा निधी आहे. यादी मुख्याध्यापकाने करायची, ही जुनी रीत. एका वर्षी सही करताना एका नावापाशी माझा हात थबकला. मुलाचे वडील वारले तेव्हा ते नाव यादीत आले होते. पुढे थोरला भाऊ नोकरीला लागला, घर सावरले. नाव मात्र तसेच राहिले. ते खोडायची मला भीड वाटली. मी सही केली. त्या वर्षी निधी अपुरा पडला आणि घरी कानडी, शाळेत मराठी बोलणाऱ्या एका धनगराच्या मुलीला गणवेश मिळाला नाही.

पुढे अमेरिकेतील लोकर-अनुदानाची हकीगत वाचनात आली, तेव्हा ही सही आठवली. तिथेही सुरुवात गणवेशापासूनच झाली होती.

दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियाच्या युद्धात सैनिकांच्या कपड्यांसाठी लोकरीचे महत्त्व पटले. म्हणून १९५४ साली राष्ट्रीय लोकर कायदा झाला. वर्षाला ३० कोटी पौंड लोकर देशातच निघावी, हा हेतू. अंगोरा शेळीचे केस, म्हणजे मोहेर, यालाही त्यात स्थान मिळाले. हे उत्पादन मुख्यतः टेक्सासमधील एडवर्ड्स पठारावरचे.

१९६० साली लोकर संरक्षणोपयोगी साहित्याच्या यादीतून वगळली गेली. अनुदान मात्र पुढे तीन दशकांहून अधिक काळ चालू राहिले. आपल्याकडे 'गरज सरो, वैद्य मरो' असे म्हणतात. इथे गरज सरली, पण वैद्याचे मानधन थांबले नाही. शिवाय रोगही हटला नाही. १९४२ साली अमेरिकेत साडेपाच कोटींवर मेंढ्या होत्या. १९९० च्या सुमारास त्या एक कोटीच्या आसपास उरल्या. कृत्रिम धाग्यापुढे अनुदानाचे काही चालले नाही.

वाटपाची रीतही विचार करण्याजोगी होती. समजा, सरासरी बाजारभाव ४० आणि ठरवलेला भाव १००. तूट ६०, म्हणजे बाजारभावाच्या दीडपट. मग प्रत्येकाला स्वतःच्या विक्रीच्या दीडपट रक्कम मिळे. ज्याला ५० भाव आला त्याला वर ७५, ज्याला ३० आला त्याला ४५. चांगल्या मालाला उत्तेजन म्हणून हे ठीक. पण ज्याची अडचण मोठी, त्याच्या पदरात कमी पडे. बक्षीस आणि आधार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की न्याय हरवतो.

मग त्या मेंढपाळांना दोष द्यायचा का? मला तसे वाटत नाही. सरकारच्या शब्दावर विसंबून ज्याने कळप वाढवला, कुंपणे घातली, त्याचा आधार एका रात्रीत काढून घेणे हाही अन्यायच. १९९३ च्या कायद्याने हे अनुदान दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करून १९९५ अखेर बंद करायचे ठरले, ते या दृष्टीने योग्यच होते. पण २००२ च्या शेती कायद्यात लोकर आणि मोहेरसाठी साहाय्य वेगळ्या रूपात पुन्हा आले. यादीत एकदा आलेले नाव खोडणे किती कठीण असते, हे मी अनुभवाने जाणतो.

कारण सोपे आहे. ज्याचे नाव खोडायचे, तो समोर उभा असतो. त्याचा चेहरा दिसतो. ज्याचे नाव यादीत आलेच नाही, तो कुंपणाबाहेर असतो. आपण पहिल्याशी दयाळूपणे वागतो आणि त्या दयेची किंमत दुसऱ्याकडून वसूल करतो. त्याला विचारतही नाही. म्हणून मदत देतानाच ती कशासाठी आणि कुठवर, हे देणाऱ्याने स्पष्ट सांगावे. त्यात घेणाऱ्याचा अपमान नाही, उलट त्याला सावरायला अवधी मिळतो.

ती मुलगी पुढच्या जूनमध्ये शाळेत आली नाही. गणवेशामुळेच, असे मी म्हणणार नाही. कळपाबरोबर घरही हलले असेल. पण तेव्हापासून दर जूनमध्ये मी जुनी यादी बाजूला ठेवतो आणि कोऱ्या कागदावर पहिले नाव लिहितो.