तारीख जवळ आली की

करंजाच्या बंदरावर सकाळचा लिलाव चालू असतो. पाटी उचलता उचलता एखादी बाई जिभेनं गालाची आतली बाजू चाचपत असते. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटलंय, पण कालवण जरा झोंबलं तरी जीव खालीवर होतो: परत आला की काय?

घरचे म्हणतात, "बरी झालीस ना, आता कशाला घोर लावून घेतेस?" म्हणतात मायेनंच. पण त्यामुळे ती बोलायची थांबते आणि भीती आतच राहते. परळचं टाटा हॉस्पिटल असो की खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, तपासणीची तारीख जवळ आली की भल्याभल्यांची झोप उडते. सुरुवातीच्या वर्षांत तारखा वरचेवर असतात, कारण कित्येक कॅन्सर परतायचे तर बहुतेक याच काळात परततात. म्हणजे भीतीला आधार आहे. म्हणून मला वाटतं, त्या भीतीलाच कामाला लावावं. डॉक्टरांना सरळ विचारावं, "माझ्या बाबतीत कोणती लक्षणं महत्त्वाची? किती दिवस वाट बघून यायचं?" तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर पुढच्या तारखेसाठी न थांबता दाखवायलाच हवी. ही उत्तरं फाइलीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावीत. रात्री शंका आली, तर ते पान उघडता येतं.

घरच्यांचंही काम आहे: मिसरी, तंबाखू त्या बाईच्या एकटीच्या नव्हे, अख्ख्या घराच्या हातून सुटावी. आणि तपासणीला सोबत कुणीतरी जावंच. लेक, जाऊ, नाहीतर शेजारची वहिनी.