सेवेची नोंद

शहरात सकाळी सातच्या सुमारास एक पाळी बदलते. तिचा भोंगा कुठे वाजत नाही. रात्रपाळीची मावशी आजोबांच्या औषधांच्या वेळा वहीत लिहून निघते आणि दिवसपाळीची मावशी हात धुऊन त्यांच्या उशाशी येते. कुणी ब्युरोमार्फत आलेली असते, कुणी ओळखीतून. काहीजणी सकाळी एका घरी, दुपारी दुसऱ्या घरी जातात. अशा अर्धवेळ काम करणाऱ्या बाईला राज्याचा कर लागतो का, हे ती कुणाला विचारत नाही आणि तिला बोलावणारी घरेही विचारत नाहीत.

महाराष्ट्रात नोकरी-व्यवसायावर राज्य जो कर घेते, तो व्यवसाय कर. त्याचा कायदा १९७५ चा. राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार तो एका व्यक्तीकडून वर्षाला २,५०० रुपयांहून अधिक घेता येत नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोहोचली. तिच्यासाठी पैसा उभा करायला हा कर आला. शहरात कमावणाऱ्याने खेड्यातल्या रिकाम्या हातांना काम मिळावे म्हणून आपला वाटा द्यावा, हा त्यामागचा विचार मला आजही मोलाचा वाटतो.

या कायद्याला माणसांच्या अडचणीही कळतात. महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रीला एप्रिल २०२३ पासून हा कर नाही. पासष्टी ओलांडलेल्यांना नाही. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाच्या आईवडिलांना किंवा पालकांनाही नाही. अशा लेकराला सांभाळणाऱ्याने समाजाचे देणे आधीच फेडले आहे, असेच जणू ही सवलत सांगते.

मात्र स्त्रियांसाठीची २५,००० रुपयांची मर्यादा वेतनाची आहे. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांसाठी कायद्याच्या अनुसूचीत वेगळ्या नोंदी आहेत आणि ज्यांचा व्यवसाय त्यांत बसतो, त्यांनी स्वतः नावनोंदणी करायची असते. म्हणून पहिला प्रश्न उरतो तो असा, की ही मावशी त्या घरची पगारदार की स्वतंत्र व्यावसायिक? दोन्ही घरांतून रोख पैसे मिळतात आणि कागद एकाही घरातून मिळत नाही. मग उत्तर कशाच्या आधारे द्यायचे?

तिच्यावर कराचा बोजा पडावा, असे कुणालाच वाटणार नाही. तिची कमाई पाहता बहुधा तो पडणारही नाही. पण कर न लागणे वेगळे आणि हिशेबातच नसणे वेगळे. ज्या कमाईची कुठेच नोंद नाही, तिच्या जोरावर बँकेत कर्ज मागता येत नाही आणि घरमालकाला उत्पन्नाचा पुरावाही दाखवता येत नाही. वर्षानुवर्षे लोकांची आजारपणे काढलेल्या बाईला स्वतःच्या अडीअडचणीला दाखवायला एक कागद नसावा, हे अन्यायाचे आहे.

आपल्या घरी अशी मावशी येत असेल, तर तिचा मोबदला शक्यतो तिच्या बँक खात्यात जमा करा. कामाचे तास, स्वरूप आणि ठरलेली रक्कम लिहून त्याची सहीनिशी एक प्रत तिला द्या. कराविषयी शंका असेल, तर ती जाणकार कर सल्लागाराला विचारून द्या. आपल्या माणसांना जी सांभाळते, तिच्या कष्टाची नोंद ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.