सव्वातीन मिनिटांचं दुःख

आमच्या घरात सध्या एका प्रश्नावर वाद चालू आहे. प्रश्न तसा तात्त्विक आहे. पण तो पहिल्यांदा विचारला गेला तो स्वयंपाकघरातून आणि लसूण सोलता सोलता, त्यामुळे त्याचं वजन मला लगेच कळलं नाही. मी बाहेरच्या खोलीत तलत महमूद ऐकत बसलो होतो. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली, चेहऱ्यावर नुकतंच सर्वस्व गमावल्याचा भाव. तेवढ्यात ही आतून म्हणाली,

"अहो, तुम्हाला कमी काय आहे?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. पेन्शन वेळेवर येते. जुन्नरात स्वतःचं घर आहे, गच्चीतून शिवनेरी दिसतो. मुलगा पुण्याला चांगल्या नोकरीत, सून समजूतदार, रक्तातली साखर डॉक्टरांनी फार न रागावण्याइतपत. प्रेमभंग म्हणावा, तर प्रेम आयुष्यात एकदाच केलं, तेही लग्नानंतर, हिच्यावरच आणि हिला न सांगता.

"तसं काही कमी नाही," मी म्हणालो.

"मग रोज संध्याकाळी सहा वाजता सुतक कुणाचं पाळता?"

गेली साठ-पासष्ट वर्षं मी हे सुतक पाळतो आहे. विविध भारती १९५७ साली सुरू झाली आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत आमच्या शेजाऱ्यांकडे रेडिओ आला. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून मी विरहाची गाणी ऐकू लागलो. विरह कुणाचा, हे अजून ठरायचं होतं. तयारी सगळी झाली होती, फक्त माणूस मिळायचं बाकी होतं. वडिलांना हे मुळीच पसंत नव्हतं. "रडायचंच असेल तर गणिताचं पुस्तक उघड," ते म्हणत, "त्यात कारण तरी खरं असतं."

पुढे एका मित्राकडे ग्रामोफोन आला. त्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन, सव्वातीन मिनिटांचं गाणं मावायचं. म्हणजे दुःख कितीही अथांग असो, सव्वातीन मिनिटांत आटोपावं लागे. दुःखाला इतकं शिस्तीत वागताना मी पुन्हा कुठे पाहिलं नाही. प्रत्यक्षातलं दुःख पाहुण्यासारखं असतं. येताना कळवत नाही आणि एकदा आलं की मुक्काम किती, ते विचारायची सोय नसते. तबकडीवरचं दुःख मात्र सुई उचलली की गेलं. शिवाय उलटी बाजू लावली की दुसरं मिळत असे!

आणि काय थाटाचं दुःख! नायक एकटा. त्याचं या जगात कुणी नाही. हे तो गाऊन सांगत असतो आणि त्याच्या पाठीशी तीस-चाळीस व्हायोलिनं वाजत असतात. ज्याचं जगात कुणी नाही त्याच्यामागे एवढी माणसं उभी, आणि आमच्या घरी एक कपाट हलवायचं म्हटलं तर दोन माणसं मिळत नाहीत. ही व्हायोलिनं आली कुठून, याचा मी मागे एकदा पत्ता काढला. वाजवणारे पुष्कळसे गोव्याचे. चर्चच्या शाळांतून लहानपणीच कागदावरचं संगीत वाचायला शिकलेले, मुंबईत येऊन हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवलेले. संगीतकार चाल गुणगुणत, आणि ती लिहून काढून कुठल्या वाद्याने कुठे उठायचं, कुठे बसायचं ते ठरवत अरेंजर. शंकर-जयकिशनकडे हे काम सॅबॅस्टियन डिसोझा करीत. दुसरे अँथनी गोन्साल्विस. त्यांनी तर १९५८ साली मुंबईत भारतीय रागांवर सिंफनी वाजवणारा मोठा वाद्यवृंद उभा केला आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांना त्यात गायला लावलं. तबकडीवर या मंडळींची नावं बहुधा नसतच. मी ज्यांच्या जिवावर आयुष्यभर उदास झालो, त्यांची नावं मला साठी उलटल्यावर कळली.

या शोधाने माझी बाजू लंगडी पडली. कारण ही लगेच म्हणाली, "म्हणजे ती व्हायोलिनवाली माणसं दुःखी नव्हतीच?"

"नसावीत. समोर कागद, पलीकडे घड्याळ, आणि दुपारी दुसरीकडे रेकॉर्डिंग."

"आणि तो गाणारा?"

"तोही घरी जाऊन जेवला असणार."

"म्हणजे सगळ्यांत मिळून रडलात ते तुम्ही एकटेच!"

एवढ्या अपमानानंतर माणूस शास्त्राकडेच वळतो. मी वळलो आणि मला दिसलं की हा प्रश्न हिच्या आधी पुष्कळांना पडलेला आहे. साहित्यदर्पणकार विश्वनाथ चौदाव्या शतकात सांगून गेला की करुणरसाने नुसतं दुःखच होत असतं, तर कुणी त्याच्या वाटेला गेलंच नसतं. हे मला पटलं. पण त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, रामचंद्र आणि गुणचंद्र हे दोन जैन पंडित नाट्यदर्पणात म्हणतात की करुण हा दुःखदच असतो. लोक जातात ते कवीचं आणि नटाचं कसब पाहायला. म्हणजे मी मेलेल्या प्रेमासाठी नव्हे, सॅबॅस्टियन डिसोझांच्या व्हायोलिनांसाठी रडत होतो. मराठीत न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. रसिक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची भूमिका सोडत नाही, असा तिचा मथितार्थ. मी हे हिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे इकडे रडायचं आणि मध्येच 'चहात साखर कमी आहे' म्हणून ओरडायचं, तीच ना?"

केळकरांचा सिद्धांत इतक्या थोडक्यात कुणी सांगितला नसेल.

मी शेवटचा हुकमी पत्ता टाकला. म्हटलं, "अगं, आपल्या खोडदला बघ. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणी उभारल्यात. कशाला? तर आकाशातलं ऐकायला. त्यात पल्सार नावाचे मेलेले तारे असतात, त्यांचे ठोके ऐकत बसतात शास्त्रज्ञ. पाहुण्यांनासुद्धा मोबाइल बंद करायला लावतात. त्यांना कुणी विचारतं का, तुम्हाला कमी काय आहे?"

"त्यांना पगार मिळतो," ती म्हणाली आणि लसणीची वाटी उचलून आत गेली.

पण प्रश्न डोक्यात राहिला. आणि खरं सांगायचं तर तो प्रश्न मला याआधी एकदा विचारला गेला होता. शब्दांत नव्हे, म्हणून मी तो इतकी वर्षं न ऐकल्यासारखं करत होतो.

मी नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या बँकेत एक शिपाई होता, आंबेगावचा. शेजारच्या आंबेगाव तालुक्याची मौज अशी की तालुक्याला ज्या गावाचं नाव, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. कचेरी घोडेगावला, बाजार मंचरला, आणि नाव तळाशी. एका वर्षी मे महिन्यात पाणी खूप उतरलं आणि जुन्या गावाच्या खुणा वर आल्या. तो म्हणाला, "साहेब, येता का? आमचं घर बघू." मी सुट्टीचा दिवस पाहून मित्राची गाडी काढली.

घोड नदीचं ते पात्र, भेगाळलेला गाळ, त्यातून वर आलेले दगड, लांबवर पाण्याची एक पट्टी. माझ्यातला रसिक खडबडून जागा झाला. असं वातावरण आणि गाणं नाही? मी गाडीची दारं उघडी टाकली आणि कॅसेट लावली. मुकेश. व्हायोलिनं त्या रिकाम्या पात्रावरून अशी काही पसरली की माझा गळा दाटून आला. आयुष्यात इतका उत्तम उदास मी कधी झालो नव्हतो.

तो शिपाई एका देवळाच्या चौथऱ्यापासून पावलं टाकत चालला होता. थांबला, मागे वळला आणि फार आदराने म्हणाला, "साहेब, तेवढं बंद करा की. मोजणी चुकतीय."

देवळापासून त्याच्या उंबऱ्यापर्यंत किती पावलं, ते त्याला पाठ होतं. गाण्यामुळे आकडा चुकला. मी कॅसेट बंद केली. तो पुन्हा देवळापाशी गेला आणि पहिल्यापासून मोजू लागला. मी गाडीत बसून राहिलो. त्याचं घर सापडलं की नाही, ते विचारायचं धैर्य मला परतीच्या वाटेवरही झालं नाही. तो रडला नव्हता. रडलो होतो मी, आणि माझं घर जुन्नरात कोरडं ठणठणीत उभं होतं.

माझी पाळी आली ती आई गेली तेव्हा. तेरा दिवस घर भरलेलं होतं. चौदाव्या दिवशी सगळे गेले, आणि आता आपल्याला हक्काचं दुःख आहे, अशा विचाराने मी माझं सगळ्यांत आवडतं उदास गाणं लावलं. काही झालं नाही. व्हायोलिनं वाजत होती, मी ऐकत होतो, आणि पहिल्यांदाच मला ती नुसती व्हायोलिनं वाटली. कुणीतरी लग्नाच्या वाजंत्रीसारखी पैसे देऊन बोलावलेली. मी गाणं अर्ध्यावर बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला आला. दारातूनच म्हणाला, "अर्धा लिटर कमी करू ना आता?" त्यावर मला जे रडू आलं, त्याला ना चाल होती ना ठेका. बिचारा माप हातात धरून उभा राहिला.

पुढे सहा महिने मी असलं गाणं ऐकलं नाही. एक दिवस संध्याकाळी मागच्या दारी हातपाय धूत होतो, आणि पलीकडच्या घरातून तेच गाणं ऐकू आलं. अर्धंच टाकलेलं. नळ बंद करून मी ओल्या पायांनी शेवटपर्यंत उभा राहिलो. एवढे दिवस आईचं जाणं घरभर पसरलेलं होतं. तिचा चष्मा, औषधाचा डबा, ते अर्धा लिटर दूध. जिथे हात लावावा तिथे ते लागायचं. त्या गाण्याने कुणीतरी धुतलेलं लुगडं नीट घडी करून हातात द्यावं, तसं ते मला दिलं. घडी केल्याने लुगडं लहान होत नाही. पण फडताळात ठेवता येतं, आणि वाटेल तेव्हा काढून पाहता येतं.

तेव्हा गाण्यातलं दुःख खोटं नाही, एवढं मला कळलं. पण ते उसनं आहे, आणि उसनं आणलेलं कधी वापरायचं याला रीत आहे. ती रीत मला आमच्या नारायणगावाने शिकवली. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. तिथल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांची एक गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. बाई दिवस भरलेल्या असताना बोर्डावर उभ्या होत्या. ऐन खेळात कळा सुरू झाल्या. आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली, आणि प्रेक्षक खोळंबलेत म्हणून पुन्हा बोर्डावर आल्या. ही गोष्ट बाईंच्या धैर्याची म्हणून सांगतात आणि ती आहेच. पण तिला एक शेवट आहे, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. लोकांच्या लक्षात आलं की मघाशी दिसत होतं ते पोट आता दिसत नाही. काय झालं ते कळलं, तेव्हा त्यांनी हात जोडले आणि खेळ थांबवायला सांगितलं. पैसे मोजून आलेली माणसं होती ती. क्षणभरात ती प्रेक्षक राहिली नाहीत.

याच बाईंना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, आणि उतारवयात पैशांची ओढगस्तही सोसावी लागली. २००२ साली त्या गेल्या. म्हणजे एका रात्री जे प्रेक्षक उठून उभे राहिले, तेच आपण सगळे एरवी बसूनही राहिलो. रसिकाची परीक्षा मान डोलावण्यात होत नसावी. समोरचं दुःख खेळातलं आहे की खरं, हे ओळखून वेळेवर उठता येतं का, यात ती होत असावी. डिंभ्याच्या गाळात मी नापास झालो होतो, आणि तरी माझ्या परीक्षकाने मला 'साहेब' म्हटलं होतं.

एवढं सगळं परवा संध्याकाळी मनाशी जुळलं आणि मला एकदम वाटलं, आपण इथे डोळे मिटून बसतो, तेव्हा आत ही काय करते? पंचेचाळीस वर्षांत एकदाही उठून पाहिलेलं नाही. मी ऐन अंतऱ्यात गाणं बंद केलं आणि आत गेलो. ही पाटावर बसून लसूण सोलत होती. डोळे भरलेले.

"काय झालं गं?"

"काही नाही. लसूण."

लसूण सोलताना डोळ्यांत पाणी येत नाही, ते कांदा चिरताना येतं, एवढं स्वयंपाकघराचं ज्ञान मला आहे. मी खाली बसलो आणि चार पाकळ्या सोलायला घेतल्या. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

मग ती म्हणाली, "बंद का केलंत? शेवटचं कडवं राहिलं की."