कुणाला विचारायचं?

वडूजमध्ये ऑपरेशनसाठी डॉक्टर निवडण्याची एक ठरलेली रीत आहे: विचारणं. आजोबांच्या हर्नियाच्या वेळी पप्पा आठवडाभर विचारत होते. स्टँडजवळच्या मेडिकलवाल्याला विचारलं, शाळेतल्या सरांना विचारलं. ज्यांचं ऑपरेशन आधी झालं होतं, त्यांच्या घरी जाऊन चहा घेतला आणि टाके बघून आले. कुणी सातारा सुचवलं, कुणी कराड. आजी मात्र मिरजेवर अडून बसली. तिथे १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं, हे तिला माहीत नव्हतं. तिच्या माहेरची चार माणसं मिरजेहून बरी होऊन आली होती, तेवढं तिला पुरेसं होतं.

मला ही रीत अडाणी वाटायची. गेल्या वर्षी ती अजिबात चालत नाही असा प्रसंग बघितला, तेव्हा तिची किंमत कळली.

माझी मामेबहीण पुण्यात नोकरी करते. आठ वर्षांपूर्वी ताईनं स्वतःच्या पगारातून स्तनांमध्ये सिलिकॉनचे इम्प्लांट बसवून घेतले होते. घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी डावी बाजू कडक व्हायला लागली. परक्या वस्तूभोवती शरीर स्वतःचं एक आवरण तयार करतं. काहीजणींमध्ये ते आकसतं आणि इम्प्लांटला आवळून टाकतं. ताईचं तसंच झालं होतं. कुशीवर झोपता येत नव्हतं. जिथे बसवले, ते क्लिनिक बंद पडलेलं. एका रात्री तिचा फोन आला, "काढून टाकायचेत गं. पण विचारू कुणाला?"

मामीला विचारणं शक्य नव्हतं. ऑफिसातल्या मैत्रिणींना विचारायचं तर आधी सगळं सांगावं लागलं असतं. मी सॉफ्टवेअरवाली, त्यामुळे शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी एक एक्सेल शीट उघडली आणि दोन रात्रींत ती भरून गेली: नावं, स्टार, आधीचे-नंतरचे फोटो, ईएमआयच्या योजना. त्यातला प्रत्येक रकाना डॉक्टरांनी स्वतःबद्दल सांगितलेल्या माहितीनं भरला होता. टाके दाखवणारं एकही माणूस त्यात नव्हतं.

हा पेच जुना आहे. प्लेटोच्या 'कार्मिदीस' या संवादात सॉक्रेटिस विचारतो, ज्याला वैद्यक येत नाही, त्यानं खरा वैद्य आणि भोंदू यांतला फरक कसा ओळखायचा? चर्चा अशा ठिकाणी येते की, तो फरक दुसरा वैद्यच ओळखू शकेल. आमच्या खटाव-खानापूर भागातली माणसं सोनं गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. त्यांच्याकडे कस लावायला कसोटीचा दगड असतो. रुग्णाकडे कस लावायला फक्त स्वतःचं शरीर असतं, आणि तेही एकदाच.

मग पदवी नसताना लोक सर्जन कसा निवडायचे? प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासातली एक प्रसिद्ध गोष्ट पुण्याकडचीच आहे. टिपूच्या सैन्यानं नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला, विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवून दिलं. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं आणि १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याची हकीकत छापून आली. त्या कारागिराकडे कागद नव्हता, पण त्याचं काम माणसाच्या चेहऱ्यावर असायचं. फसलेलं नाक सगळ्या बाजारानं बघितलं असतं.

ताईचं ऑपरेशन बाजार बघणार नव्हता. जे झाकलेलं असतं, त्याची ख्याती पसरत नाही आणि बदनामीही पसरत नाही. अशा ठिकाणी पदवी आणि नोंदणी हाच समाजानं आधीच विचारून ठेवलेला प्रश्न असतो. म्हणून मी शीटमधले स्टार पुसले आणि दोनच रकाने ठेवले. पहिला, प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा त्या तोडीची डीएनबी आहे का. 'कॉस्मेटिक सर्जन' हे पाटीवरचं वर्णन असू शकतं, त्यावरून शिक्षण कळत नाही. दुसरा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत ते नाव सापडतं का. शीट बरीच आखूड झाली.

पण पदवी म्हणजे निवड नव्हे. उरलेल्यांपैकी दोघांकडे मी ताईबरोबर गेले. पहिल्या ठिकाणी वीस मिनिटांत तारीख ठरत आली होती. सगळं आवरण न फोडता एका तुकड्यात काढू, 'एन ब्लॉक', तेच सर्वांत सुरक्षित, असं सांगितलं. दुसऱ्या डॉक्टर बाईंनी आधी इम्प्लांटचं कार्ड मागितलं. ते ताईकडे नव्हतं. खडबडीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटचा एका दुर्मीळ लिम्फोमाशी संबंध आढळल्यामुळे २०१९ मध्ये अ‍ॅलरगन कंपनीनं ते जगभरातून परत घेतले होते. म्हणून कोणतं मॉडेल आहे, हे कळलेलं बरं, असं त्यांनी समजावलं. 'एन ब्लॉक' ही मुळात कॅन्सरच्या शस्त्रक्रियेतली पद्धत आहे. तसा संशय नसेल तर बरगडीला चिकटलेलं आवरण हट्टानं ओढून काढण्यात धोका वाढतो. किती काढता येईल ते आत गेल्यावर ठरेल, काढलेलं तपासणीला पाठवू, आणि नंतर त्वचा सैल दिसेल, हे आत्ताच सांगून ठेवते, असंही म्हणाल्या.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "पहिल्यांनी जास्त खात्री दिली." मलाही क्षणभर तसंच वाटलं. नंतर एक निकाल आठवला. १९५३ मध्ये कोकणातल्या पालशेतला मांडीचं हाड मोडलेला एक तरुण उपचारांसाठी पुण्याला आणला गेला आणि दगावला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 'जोशी विरुद्ध गोडबोले' या १९६८ च्या निकालात न्यायालयानं डॉक्टरची कर्तव्यं सांगितली. त्यात पहिलं आहे, ही केस हाती घ्यावी की नाही हे काळजीपूर्वक ठरवणं. कोणते उपचार द्यायचे आणि ते कसे द्यायचे, हे त्यानंतर येतं. डॉक्टरचं ज्ञान मला मोजता येत नाही. पण त्या ज्ञानाची हद्द कुठे संपते हे तो सांगतो का, एवढं ऐकता येतं. हेही सोंग असू शकतं. म्हणून नोंदवही आधी आणि हे नंतर.

ताईनं दुसऱ्या डॉक्टरांना निवडलं. ऑपरेशन नीट झालं, तपासणीत काही निघालं नाही.

तरीही एक गोष्ट मला सुटत नाही. असं काही बिघडलं की आपण म्हणतो, "चौकशी करायला नको का आधी?" निवड तिची, म्हणून जबाबदारीही तिची. पण चौकशीला माणसं लागतात, आणि ती माणसं गप्प राहतील अशी व्यवस्था आपणच केली आहे. "मुळात बसवलेच कशाला?" हा प्रश्न आपण आधी विचारतो, आणि मग उरलेले सगळे प्रश्न तिनं एकटीनं, रात्री, फोनच्या पडद्याला विचारायचे. लाजेपोटी माहिती दडते, आणि त्याचा फायदा जाहिरात करणाऱ्याला होतो. आजोबांचा हर्निया काही कमी नाजूक जागी नव्हता. तरी त्याबद्दल अख्खी गल्ली बोलली, आणि त्या बोलण्यानंच त्यांना चांगला डॉक्टर मिळाला.

परवा ताईकडे एका अनोळखी बाईचा फोन आला. कुणाच्या तरी ओळखीतली, हाच त्रास. ताई गॅलरीत जाऊन पाऊण तास बोलत होती. आत आली आणि म्हणाली, "तिला ती शीट पाठव."

मामीला तिनं अजून सांगितलेलं नाही.